पाच तारांचा बेस हाताला कसा लागतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच तारांचा बेस (म्हणजे बेस गिटार) लोक आवाज ऐकून घेतात आणि सहा महिन्यांनी हात दुखतो म्हणून विकतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की कुणी 'कोणता घेऊ?' असं विचारलं की मी आधी नेकबद्दल (डाव्या हाताने धरायच्या लांब दांड्याबद्दल), तारांमधल्या अंतराबद्दल आणि वजनाबद्दल बोलते. आवाज नंतर तारा, पिकअप (तारांची कंपनं पकडणारं चुंबक), अ‍ॅम्प बदलून बराच वळवता येतो. नेकची रुंदी बदलता येत नाही. मला वारंवार येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं खाली देते आहे.

चार तारांची सवय असलेल्या हाताला आधी काय खुपतं?

सगळ्यांना वाटतं रुंद नेक खुपेल. पहिल्या दहा मिनिटांत अडखळतो तो मात्र उजवा हात. चार तारांच्या बेसवर छातीकडून ई, ए, डी, जी अशा तारा असतात, पाच तारांवर ईच्याही अलीकडे खालच्या स्वराची बी येते. छातीकडची पहिली तार म्हणजे ई, हे बोटांनी वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे ए वाजवायला जावं तर ई वाजते आणि ई वाजवायला जावं तर बी. हा गोंधळ कुठल्याही बेसवर होणारच आणि रोज वाजवलं तर दोन-तीन आठवड्यांत जातो. त्यावरून समोरच्या बेसला नावं ठेवू नका.

डाव्या हाताचा त्रास उशिरा कळतो, पण तो जास्त खरा असतो. बीच्या तारेपर्यंत पोचायला मनगट पुढे काढावं लागतं आणि नेकमागचा अंगठा खाली सरकतो. ज्यांना अंगठा नेकवरून डोकावू द्यायची सवय आहे त्यांना ती सोडावी लागते. इथे मात्र बेसाबेसांत फरक पडतो आणि तो मोठा असतो.

तारांमधलं अंतर किती असावं?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि लोक सगळ्यात कमी विचारतात तोही हाच. ब्रिजपाशी (तारा जिथे बेसच्या धडावर अडकवलेल्या असतात तिथे) शेजारच्या दोन तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. चार तारांच्या बेसवर हे अंतर साधारण १९ मिलिमीटर असतं. पाच तारांवर ते निर्मात्यागणिक बदलतं. लेकलँड ५५-९४ वर १९, म्यूझिक मॅन स्टिंगरे ५ वर १७.५, आयबानेझच्या एसआर५०५ वर १६.५.

दीड-दोन मिलिमीटरने काय होतं, असं वाटेल. चार अंतरं एकत्र धरा. १९ च्या हिशोबाने बीपासून जीपर्यंत ७६ मिलिमीटर होतात, १६.५ ने ६६. म्हणजे एक सेंटिमीटरचा फरक, आणि तो दोन्ही हातांना जाणवतो. उजव्या हाताला प्रत्येक उडीत, डाव्या हाताला बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे, कारण नेक तिथे त्याच प्रमाणात रुंद होत गेलेला असतो.

मी बोटांनी वाजवते आणि मला १७.५ च्या आसपास सुख वाटतं. १६.५ वर जलद ओळी फार सहज निघतात, एका तारेवरून दुसरीवर बोट नुसतं घरंगळतं. पण जोरात वाजवायची सवय असेल तर शेजारची तार सारखी लागते. १९ वर चार तारांची जुनी सवय जशीच्या तशी चालते, फक्त नेक फळीसारखा वाटायला लागतो. तुमचा आत्ताचा चार तारांचा बेस स्लॅपसाठीच (अंगठ्याने तार ठोकून आणि बोटाने ओढून वाजवण्यासाठीच) असेल तर १९ कडे झुका. बोटांनी आणि बराच वेळ वाजवत असाल तर मधलं अंतर आधी बघा.

नटपाशी रुंदी किती, हेही बघायचं का?

बघायचं. नट म्हणजे नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, जिथून तारा खुंट्यांकडे जातात. फेंडरच्या पाच तारांच्या जॅझ बेसचा नट ४७.६ मिलिमीटर असतो, स्टिंगरे ५ चा साधारण ४४.५, आयबानेझ एसआर५०५ चा ४५. पहिल्या तीन फ्रेटांत तुमचा मुक्काम किती असतो त्यावर हे ठरतं. अरुंद नटवर बोटं तारांवर लवकर पोचतात, पण जाड बोटांना शेजारची तार चुकवणं अवघड जातं. ४७.६ वर जागा भरपूर मिळते, पण मनगट जास्त वळतं.

नट आणि ब्रिज यांचं नातंही आहे. अरुंद नट आणि रुंद ब्रिज असला की नेक नटकडून बेसच्या शरीराकडे (लाकडी धडाकडे) झपाट्याने पसरत जातो. हातात घेतल्यावर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत पंजा सरकवत न्या. मध्ये कुठे अंगठ्याला 'आता पकड बदलायला हवी' असं वाटतं ते लक्षात येईल.

माझा हात लहान आहे. पाच तारांचा बेस जमेल का?

माझाही लहान आहे. जमतो. लहान हाताला रुंदीपेक्षा नेकची जाडी आणि पाठीचा आकार जास्त महत्त्वाचा. पातळ, सपाट पाठीचा नेक रुंद असला तरी बोटं मोकळी राहतात. जाड, गोल पाठीचा नेक अरुंद असूनही बीपर्यंत पोचताना तळहात आडवा येतो. आयबानेझच्या एसआर मालिकेचा नेक पातळ म्हणून ओळखला जातो आणि लहान हाताची माणसं तिकडे वळतात त्याचं कारण हेच.

पण पातळ नेक म्हणजे आराम, हे सरसकट खरं नाही. फार पातळ नेकवर अंगठ्याला आधार मिळत नाही, मग माणूस चिमटा काढल्यासारखं दाबत राहतो. तासाभराने अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. मला ती आली होती. तेव्हा मी बेस बदलला नाही, पट्टा एक वीत आखूड केला. बेस पोटावरून छातीच्या खालपर्यंत आला, मनगट सरळ झालं, कळ आठ दिवसांत गेली. हात लहान असेल तर आधी हे करून बघा. पहिल्या तीन-चार फ्रेटांत दर फ्रेटला एक बोट हा हट्टही सोडा. तिथे पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढ्यावर भागतं. डबल बेस वाजवणारे खालच्या जागांत पूर्वीपासून असंच वाजवतात.

बीची तार ढिली का लागते?

कारण तिच्याकडून फार खालचा स्वर मागितलेला असतो. उघडी ई म्हणजे ४१.२ हर्ट्झ, उघडी बी ३०.८७. तेवढ्याच लांबीत इतकं खाली जायचं तर तार जाड करायची किंवा ओढ कमी ठेवायची. जाडी फार वाढवली तर तार सळईसारखी ताठ होते आणि स्वर गढूळ येतो. त्यामुळे निर्माते मध्यावर थांबतात आणि बहुतेक संचांत बीची ओढ शेजारच्या ईपेक्षा कमीच असते. बोटाला हा फरक लगेच कळतो. ईवर जेवढा जोर दिला तेवढाच बीवर दिला की तार पसरट हलते आणि फ्रेटवर फडफडते.

चांगला पाच तारांचा बेस ओळखायची माझी खूण एकच. डोळे मिटून डी, ए, ई, बी असं उतरत जायचं. बीवर पोचल्यावर बोटाला दुसऱ्याच वाद्यावर आल्यासारखं वाटायला नको.

मग ३५ इंची स्केल घेऊ का? तिरपे फ्रेट घेऊ का?

स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी. ३४ इंच सर्वात रुळलेली. तीच तार त्याच स्वराला ३५ इंचांवर लावली की ओढ सुमारे ६ टक्क्यांनी वाढते, कारण ओढ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३७ इंचांवर ती सुमारे १८ टक्के वाढते. डिंगवॉलच्या तिरप्या फ्रेटांच्या बेसवर हाच फायदा घेतलाय. त्यांच्या अनेक पाच तारांच्या मॉडेलवर बीची तार ३७ इंच आणि जीची ३४ इंच असते. खालची तार ताठ, वरची लवचीक. तिथली बी एकदा वाजवली की बाकीच्या बेसवरची बी खटकायला लागते, हे खरं आहे.

याची किंमत डावा हात देतो. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत साधारण १३० मिलिमीटर अंतर असतं, ३५ इंचीवर सुमारे १३३.५. हा फरक आठवड्यात विसरायला होतो. ३७ इंचांवर मात्र बीच्या तारेवर ते १४१ होतं आणि तिथे लहान हाताला ताण येतो. तिरप्या फ्रेटांची भीती बाळगायचं कारण नाही. पाचव्या-सातव्या फ्रेटपाशी बोटं तशीही पंख्यासारखी उघडतात आणि फ्रेट त्यांच्याबरोबर जातात. अडचण येते ती पहिल्या फ्रेटपाशी जोडस्वर धरताना.

एक सांगते, ३५ इंच लिहिलंय म्हणून बी चांगली असेलच असं नाही. स्टिंगरे ५ ही १९८७ पासूनची, स्केल ३४ इंच, आणि तिच्या बीबद्दल तक्रार करणारे फार थोडे. नेक किती ताठ आहे, बेसच्या शरीराला किती घट्ट बसलाय, नटचा खाचा कसा कापलाय यावर बरंच ठरतं. मी ३५ इंची बेसवर मेलेली बी ऐकलीये आणि ३४ वर खणखणीत ऐकलीये.

ढिली बी बेस न बदलता सुधारता येते का?

बऱ्याचदा येते, आणि याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण चांगले बेस या एका कारणावरून टाकून दिले जातात.

माझ्याकडे एक बेस आला होता तो असाच. बी वाजवली की स्वराऐवजी एक गुरगुर यायची, आणि बाराव्या फ्रेटवर स्वर हलत राहायचा. मालकाने तारांचे दोन संच बदलून पाहिले होते. मी आधी ब्रिजकडे वाकून पाहिलं. तार सॅडलवरून (ब्रिजवरच्या, तार टेकते त्या तुकड्यावरून) सरळ न उतरता कमानीसारखी फुगून पुढे गेली होती. नवी जाड तार आपण होऊन वाकत नाही. सॅडलच्या अगदी पुढे अंगठा ठेवून तार हलकेच खाली दाबली, मग नटच्या पुढे तसंच केलं. तार पुन्हा सुरात लावली. गुरगुर निम्मी झाली. मग पिकअप बीच्या बाजूने दोन मिलिमीटर खाली उतरवला. लोहचुंबक जवळ असला की तो तारेला ओढत राहतो आणि स्वर डुलायला लागतो. तोही दोष गेला. सगळं मिळून दहा मिनिटं आणि एक स्क्रूड्रायव्हर.

तार लावतानाच्या दोन चुका टाळा. तार आधी कापून मग वाकवू नका. जिथे कापायची त्याच्या अलीकडे पक्कडीने काटकोनात वाकवा आणि मग कापा, नाहीतर आतल्या गाभ्यावरचं वेटोळं सुटतं आणि तार जन्मतःच बद्द वाजते. खुंटीवर गुंडाळताना तारेला पीळ पडू देऊ नका.

जाडीचं म्हणाल तर ४५ ते १३० (इंचाच्या हजाराव्या भागांत) हा संच सर्वसाधारण. बी ढिली वाटत असेल तर १३५ लावून पाहा, पण नटचा खाचा आधी तपासा. १२५ साठी कापलेल्या खाच्यात १३५ खाली बसत नाही, वरच अडकते आणि पहिल्या फ्रेटवर स्वर चढा येतो. काही तारा सॅडलपाशी बारीक केलेल्या असतात, त्या ब्रिजवर नीट वाकतात आणि मला त्यांचा स्वर स्वच्छ वाटतो. तार शरीरातून आरपार ओवली तर बी घट्ट होते असं म्हणतात. मला स्वतःला हातात तेवढा फरक कधी जाणवला नाही.

वजन आणि तोल?

पाच तारांचा बेस साडेतीन किलोपासून पाच किलोच्याही पुढे जातो. पण वजनापेक्षा तोल जास्त छळतो. पट्ट्यावर असताना दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक (नेकचं खुंट्या असलेलं टोक) जमिनीकडे निघाला तर डावा हात पूर्ण वेळ नेक उचलत बसणार. बीसाठी आधीच वळलेल्या मनगटावर हा दुसरा भार. चार किलोचा समतोल बेस मी तीन तास वाजवेन, साडेतीन किलोचा झुकणारा तासभरही नाही.

बेसच्या शरीराचं वरचं शिंग (जिथे पट्टा अडकतो ते टोक) बाराव्या फ्रेटपर्यंत पोचत असेल तर तोल सहसा चांगला राहतो. पाचवी खुंटी हेडस्टॉकवर वजन वाढवते. स्टिंगरे ५ वर चार खुंट्या एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला बसवल्यामुळे हेडस्टॉक आटोपशीर राहतो. हलक्या खुंट्या बसवणं हा झुकणाऱ्या बेसवरचा सगळ्यात परिणामकारक उपाय. खरबरीत आतल्या बाजूचा रुंद पट्टाही मदत करतो. हेडस्टॉक नसलेले बेस या बाबतीत निर्धास्त.

न वाजवलेल्या तारा गुणगुणतात. बेसचा दोष आहे का?

नाही, अंगठ्याचा. चार तारांवर अंगठा पिकअपवर टेकवून भागत होतं. पाच तारांवर तो तिथेच राहिला तर जी वाजवताना बी आणि ई मोकळ्या राहतात आणि कशाच्याही नादाने घुमायला लागतात. अंगठा हातासोबत सरकू द्या. ए वाजवताना तो बी-ईवर टेकलेला, डी वाजवताना ई-एवर. मागे राहिलेल्या तारा अंगठ्याची कड झाकते.

वाद्याचा संबंध इतकाच, की तारा शरीराच्या वर फार उंच असतील तर अंगठा सरकवताना बोटं खोल रुततात. पिकअपांच्या मध्ये लाकडाचा सपाट तुकडा बसवून हे रोखता येतं. बेसवादक गॅरी विलिस यांच्या आयबानेझ बेसवर तो मुळातच असतो आणि त्यांचा हलका उजवा हात त्याच्याशी जुळलेला आहे. हलक्या हाताने वाजवायला शिकायचं असेल तर हा तुकडा फार उपयोगी पडतो, कारण तो बोटांना खोल जाऊच देत नाही.

स्लॅपसाठी पाच तारा वाईट का म्हणतात?

अंगठा ईवर मारायचा तर आता तिच्या वर बी आहे आणि बोटाने तार ओढायला जागा कमी. अंतर १९ असेल तर फारसं अडत नाही. १६.५ वर तंत्र लहान करावं लागतं, मनगटाचा झोका कमी करावा लागतो.

अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह, याने हाताला फरक पडतो का?

अ‍ॅक्टिव्ह म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला बेस, पॅसिव्ह म्हणजे नसलेला. हाताला थेट फरक नाही. पण खालचा स्वर स्पष्ट ऐकू येत नसेल तर माणूस नकळत जोर वाढवतो आणि मग बेस 'कडक' वाटतो. लहान स्पीकरवर ३१ हर्ट्झचा मूळ स्वर जवळजवळ येतच नाही, आपण त्याच्या वरचा ६२ चा ऐकत असतो. म्हणून दोन बेसांची तुलना एकाच अ‍ॅम्पवर, एकाच आवाजात करा.

तुलना करताना नेमकं काय तपासू?

आधी वायर न लावता वाजवा. बी लाकडातून किती वेळ टिकते ते पोटाला जाणवतं. मग उभं राहून, पट्टा तुमच्या नेहमीच्या उंचीवर ठेवून, वीस मिनिटं वाजवा. खुर्चीत बसून पाच मिनिटांत सगळेच बेस चांगले वाटतात.

बीवर पाचव्या फ्रेटचा ई आणि मग उघडी ई, असं आलटून पालटून ऐका. दोन्ही एकाच कुटुंबातले वाटायला हवेत. नंतर बीवर दहाव्या-बाराव्या फ्रेटपर्यंत चढा. सुमार बेसवर सातव्याच्या पुढे बी चिखलात जाते.

आणि सेटअप बघितल्याशिवाय निकाल देऊ नका. बाराव्या फ्रेटवर बी साधारण अडीच मिलिमीटर आणि जी दोनच्या आसपास उंच, नेकला एक तृतीयांश मिलिमीटरएवढा बाक, ही सुरुवातीची बेताची मापं. यापेक्षा खूप उंच तारा असलेला बेस कठीणच वाटणार, तो कितीही चांगला असो. उलट तारा फार खाली असतील तर ढिली बी सगळ्यात आधी तक्रार करेल.

चार तारांच्याच बेसवर बी-ई-ए-डी लावलं तर?

खालचे स्वर मिळतील, अरुंद नेकही राहील. नट मोठा कापावा लागेल आणि जीची तार जाईल. पण पाचव्या तारेचा अर्धा उपयोग खाली जाण्यात नसतोच. बीच्या पाचव्या फ्रेटवर ई, सहाव्यावर एफ, आठव्यावर जी मिळतात. म्हणजे हात पाचव्या फ्रेटपाशी ठेवून जवळजवळ दोन सप्तकांचा पल्ला न हलता वाजतो. माझ्या हाताला पाच तारांनी दिलेला सगळ्यात मोठा आराम हाच.

पाचवी तार नेहमी खालचीच होती का?

नाही. फेंडरने १९६५ मध्ये काढलेल्या बेस ५ ला पाचवी तार वर, उंच सीची होती आणि फ्रेट फक्त १५. तो टिकला नाही. खालची बी रुजली ती सत्तरच्या दशकात. बेसवादक अँथनी जॅक्सन यांनी १९७५ मध्ये वाद्यं बनवणाऱ्या कार्ल थॉम्पसन यांच्याकडून सहा तारांचा बेस करून घेतला, त्यात खाली बी आणि वर सी होती. पुढच्या वर्षी बेसवादक जिमी जॉन्सन यांच्यासाठी अलेम्बिक कंपनीने खालच्या बीचा पाच तारांचा बेस बनवला. जॅक्सन पुढे ३६ इंची स्केलवर गेले. बी ढिली लागते हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

चार आणि पाच तारांचे दोन्ही बेस ठेवले तर गोंधळ होईल का?

पहिले दोन-तीन महिने होतो, त्यामुळे तेवढा काळ चार तारांचा बेस पेटीत ठेवा. नंतर आलटून पालटून वाजवता येतं, मात्र दोन्हींचं तारांमधलं अंतर फार वेगळं नसावं. माझा चार तारांचा १९ आणि पाच तारांचा १७.५ आहे. अदलाबदल केली की पहिलं गाणं संपेपर्यंत उजवा हात जागा शोधत असतो, म्हणून मी पहिलं गाणं नेहमी संथ ठेवते.